सात वर्षं, १२० तास की हातातला जॉब? क्षमताधारित प्रशिक्षणाचा इतिहास संशोधकाने कसा वाचावा



शिक्षण किंवा कौशल्यविकास या क्षेत्रात संशोधन करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या विषयांच्या यादीत एक शीर्षक हमखास असतं: 'क्षमताधारित व्यावसायिक प्रशिक्षण आणि पारंपरिक वर्गाध्यापन: एक तुलनात्मक अभ्यास'. आराखडाही साधारण ठरलेला. एक प्रायोगिक गट, एक नियंत्रित गट, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, टी-मूल्य, आणि शेवटी 'प्रायोगिक गटाची संपादणूक सार्थ फरकाने जास्त आढळली' हे वाक्य. विषय वाईट नाही. अडचण अशी की आपण नक्की कशाची कशाशी तुलना करतोय, हेच बऱ्याचदा ठरलेलं नसतं. मग मुलाखतीत समितीतल्या एखाद्या सरांनी 'पारंपरिक म्हणजे काय हो?' एवढं विचारलं तरी गाडी अडते.

म्हणून आज आकडेवारीत न शिरता आपण इतिहासात जाऊ. मी मुळात विज्ञानाची विद्यार्थिनी. प्रयोगशाळेत आम्हाला पहिली सवय लावली जाते ती एककाची. नुसतं 'पाच' असं लिहिलं की मार्क जातात. पाच काय, ते सांगावं लागतं. प्रशिक्षणाच्या इतिहासाकडे मी तशीच बघते. एखाद्याचं 'शिक्षण झालं' असं म्हणताना त्या काळच्या लोकांनी मोजलं काय? वर्षं, तास, की केलेलं काम?

फरक थोडक्यात असा सांगता येईल. पारंपरिक वर्गात वेळ पक्का असतो आणि शिकणं कमी-जास्त होतं. जूनमध्ये सुरू, एप्रिलमध्ये परीक्षा. कोणी ३५ वर पास, कोणी ९०. क्षमताधारित प्रशिक्षणात शिकण्याची पातळी पक्की असते आणि वेळ कमी-जास्त होऊ शकतो. जॉब ठरलेल्या मापात बसला तर पुढे, नाहीतर पुन्हा कर. १९६३ साली जॉन कॅरोल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने हेच सूत्ररूपात मांडलं: शिकण्याचं प्रमाण म्हणजे प्रत्यक्ष दिलेला वेळ भागिले त्या व्यक्तीला लागणारा वेळ. पाच वर्षांनी बेंजामिन ब्लूम यांनी त्यावर 'प्रभुत्व अध्ययना'ची कल्पना उभारली.

कागदावर हा फरक स्वच्छ आहे. पण मागची साडेचारशे वर्षं पाहिली तर एक गमतीची गोष्ट दिसते. 'तास मोजू नका, काम बघा' असं म्हणत जी जी योजना निघाली, तिच्यात थोड्या काळाने वेळ मागच्या दाराने परत आला. का आला, हे समजून घेणं हाच आजचा विषय.

सात वर्षांचा नियम

सुरुवात इंग्लंडपासून. १५६३ साली पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात कारागिरांविषयीचा एक कायदा झाला. त्याने असं ठरवलं की त्या वेळी देशात चालू असलेला कुठलाही धंदा करायचा असेल, तर आधी किमान सात वर्षं उस्तादाच्या हाताखाली शिकाऊ उमेदवारी केलेली असली पाहिजे. सुतार असो, विणकर असो की चाकं बनवणारा असो, एकक एकच: सात वर्षं.

१७७६ साली 'वेल्थ ऑफ नेशन्स' मध्ये अॅडम स्मिथ यांनी या नियमावर सडकून टीका केली. त्यांचं म्हणणं असं की इतकी लांब उमेदवारी मुळात अनावश्यक आहे. घड्याळाचा शोध लावायला बुद्धी लागली असेल, पण एकदा शोध लागल्यावर घड्याळ कसं बनवायचं हे तरुण मुलाला समजावून द्यायला काही आठवडे पुरतात. हात बसायला सराव लागेल तेवढाच. सात वर्षांमुळे माल चांगला निघतो हेही त्यांना मान्य नव्हतं. उलट कामाचा मोबदला मिळत नसल्यामुळे उमेदवार आळशी होतो. त्याला केलेल्या कामाचे पैसे द्या आणि बिघडवलेल्या मालाचे कापून घ्या, तो लवकर आणि नीट शिकेल, असा त्यांचा उपाय होता.

मग हा नियम टिकला कशामुळे? स्मिथ यांचं उत्तर तुम्ही वहीत लिहून ठेवावं असं आहे. नियम रद्द झाला तर उस्तादाचं नुकसान होणार होतं. सात वर्षं फुकटात राबणारा हात गेला असता. उमेदवाराचंही नुकसान होतं, कारण धंद्यात स्पर्धक वाढून शेवटी मजुरी उतरली असती. म्हणजे सात वर्षं हे शिकण्याचं माप होतंच, पण त्याहून जास्त ते धंद्याच्या दारावरचं कुलूप होतं. स्मिथ एक उदाहरण देतात. घोडागाडी बनवणाऱ्याला गाडीची चाकं स्वतः बनवायला कायद्याने बंदी, कारण चाकं बनवण्याचा धंदा १५६३ च्या आधीचा. पण चाकं बनवणारा मात्र खुशाल गाडी बनवू शकत होता, कारण कायदा झाला तेव्हा घोडागाडीचा धंदा इंग्लंडमध्ये नव्हताच! यात कोणाला काय येतं याचा संबंध कुठे आहे?

१८१४ साली या कायद्यातली उमेदवारीची कलमं रद्द झाली.

त्याच काळात युरोपातल्या अनेक कारागीर संघांत दुसरंही एक माप होतं. उस्ताद व्हायचं तर एक वस्तू स्वतः घडवून संघातल्या जुन्या उस्तादांसमोर ठेवायची. 'मास्टरपीस' हा शब्द आपण आज उत्तम कलाकृतीसाठी वापरतो, तो मुळात या परीक्षेच्या जॉबचा. म्हणजे क्षमतेची चाचणी ही काही विसाव्या शतकातली नवी गोष्ट नाही. जुन्या पद्धतीत वेळ आणि जॉब, दोन्ही शेजारी शेजारी नांदत होते.

मॉस्को, १८६८: कार्यशाळेत आलेला वर्ग

आता शंभर वर्षं पुढे आणि रशियात जाऊ, कारण आजच्या आयटीआयच्या वर्कशॉपचं मूळ शोधायला गेलं की रस्ता तिथे पोचतो.

मॉस्कोच्या इम्पिरियल टेक्निकल स्कूलमध्ये (आजचं बाउमन विद्यापीठ) विद्यार्थी इंजिनिअरिंग शिकत आणि संस्थेच्या कारखान्यात हातकामही करत. पण कारखाना ऑर्डरचा माल काढत असे. तिथे मुलाच्या वाट्याला काय येईल ते त्या दिवशीच्या ऑर्डरवर अवलंबून. संचालक व्हिक्टर देला-वोस यांनी १८६८ साली शिकण्याची कार्यशाळा उत्पादनाच्या कार्यशाळेपासून वेगळी काढली. मग त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एकेका कामाची फोड केली: सुतारकाम, लाकडाचं कातकाम, लोहारकाम, फिटिंग, धातूचं कातकाम. प्रत्येकातल्या मूळ क्रिया सुट्या करून सोप्याकडून अवघडाकडे नमुन्यांची मालिका लावली. प्रत्येक मुलाला स्वतःची जागा, स्वतःच्या हत्यारांचा संच. समोर आकृती. आधीचा नमुना समाधानकारक झाल्याशिवाय पुढचा मिळायचा नाही.

आयटीआयला फिटर ट्रेड केलेल्या कोणालाही विचारा. आधी कानस चालवून पृष्ठभाग सपाट करा, काटकोनाला गुण्या लावून बघा, मग खाचेत बसणारे दोन भाग करा. हा क्रम ओळखीचा वाटेल.

इथे थोडं थांबा, कारण तुलनेचा पहिला गैरसमज इथेच सुटतो. देला-वोस यांना ही पद्धत का हवी होती? कमीत कमी वेळात शिकवता यावं, एका शिक्षकाला एकाच वेळी अनेक मुलांवर लक्ष ठेवता यावं, आणि कोणत्याही दिवशी कोण कुठवर आलंय हे सांगता यावं, म्हणून. ही सगळी वर्गाची वैशिष्ट्यं आहेत! उस्तादाशेजारी बसून बघत बघत शिकण्याऐवजी अभ्यासक्रम, पायऱ्या, एक शिक्षक आणि पुष्कळ विद्यार्थी. म्हणजे कामाची फोड करून पायरीपायरीने शिकवण्याची पद्धत वर्गाच्या विरोधात जन्मली नाही. वर्गाची शिस्त कार्यशाळेत नेल्यामुळे ती जन्मली.

१८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात हे नमुने मांडले गेले. एमआयटीचे अध्यक्ष जॉन रंकल यांनी ते पाहिले आणि आपल्या संस्थेत तशा कार्यशाळा सुरू करण्याची शिफारस केली. सेंट लुईसमध्ये कॅल्विन वुडवर्ड यांची मॅन्युअल ट्रेनिंग स्कूल १८८० साली सुरू झाली. टीकाही झाली. मुलगा महिनोन्‌महिने सांधे जोडतो, पण घरी नेण्याजोगी एक वस्तू बनवत नाही, ही मुख्य तक्रार. स्वीडनच्या 'स्लॉइड' पद्धतीत नेमकं उलट होतं: चमचा, पेटी, दांडा अशा वापरातल्या वस्तू करत करत कौशल्य शिकायचं. सुट्या कौशल्यांची यादी की पूर्ण काम, हा वाद तेव्हापासूनचा. आजही तो मिटलेला नाही.

पेन्शनमधून जन्मलेला तास

कार्यशाळेत 'नमुना' हे एकक रुजत होतं, तेव्हाच शाळा-कॉलेजांत दुसरं एकक तयार होत होतं. त्याची जन्मकथा शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात क्वचितच येते.

१९०५ साली अँड्र्यू कार्नेगी यांनी कॉलेजच्या प्राध्यापकांना पेन्शन मिळावी म्हणून १ कोटी डॉलर दिले. आता पेन्शन कोणत्या कॉलेजच्या प्राध्यापकांना द्यायची? त्या काळी अमेरिकेत कॉलेज आणि हायस्कूल यांच्यातली सीमा धूसर होती. म्हणून कार्नेगी फाउंडेशनने अट घातली: प्रवेशासाठी हायस्कूलचे किमान १४ 'युनिट' मागणारं ते कॉलेज. आणि एक युनिट म्हणजे एका विषयाचे साधारण १२० तास. पेन्शन हवी म्हणून कॉलेजांनी अट मानली. कॉलेजात प्रवेश हवा म्हणून हायस्कूलांनी वेळापत्रकं तशी बसवली. काही वर्षांतच 'कार्नेगी युनिट' देशभर पसरलं. त्यापाठोपाठ १९१० साली त्याच फाउंडेशनसाठी मॉरिस कुक या अभियंत्याने कॉलेजांच्या कार्यक्षमतेवर अहवाल लिहिला. कुक हे फ्रेडरिक टेलरच्या 'शास्त्रीय व्यवस्थापना'च्या पठडीतले. त्यांनी कॉलेजचा खर्च मोजायला 'विद्यार्थी-तास' हे माप सुचवलं.

आपण आज जे 'क्रेडिट' म्हणतो, ते या घराण्यातलं. १२० तासांत मूल अमुक इतकं शिकतं असं कोणी प्रयोग करून सिद्ध केलं नव्हतं. हिशेबासाठी एक सोयीचं नाणं हवं होतं, ते तासाने पुरवलं. आणि नाणं म्हणून ते इतकं चाललं की २०१५ साली कार्नेगी फाउंडेशनने स्वतःच्याच या एककाचा फेरविचार केला, तेव्हाही अहवालाचा सूर 'दोष मान्य, पण सगळ्यांना चालेल असा दुसरा पर्याय अजून तयार नाही' असाच होता.

युद्ध आणि दहा तास

क्षमतेच्या बाजूला सर्वांत मोठा जोर मिळाला तो युद्धांमुळे. युद्धाला सात वर्षं थांबायला वेळ नसतो. पहिल्या महायुद्धात अमेरिकेला अचानक हजारो जहाजबांधणी कामगार हवे होते. त्या कामातून चार्ल्स अॅलन यांची चार पायऱ्यांची पद्धत पुढे आली: तयारी, सादरीकरण, उपयोजन, तपासणी. बी.एड. केलेल्या वाचकांना इथे हर्बर्टची पंचपदी आठवली असेल, आणि ती आठवण बरोबर आहे. दोघींचं नातं जवळचं आहे. पुन्हा तेच बघा: वर्गाध्यापनाचं शास्त्र गोदीत पोचलं.

दुसऱ्या महायुद्धात १९४० ते १९४५ या काळात अमेरिकी सरकारने 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' ही योजना चालवली. लष्करी उपकरणांच्या भिंगांना पॉलिश करणारे कारागीर मिळेनात, तिथून तिची सुरुवात झाली. या कामात तयार व्हायला काही वर्षं लागतात असं सगळे मानत. कामाची फोड केल्यावर लक्षात आलं की त्यातली थोडीच पावलं खरोखर अवघड आहेत. बाकी नव्या माणसाला लवकर शिकवता येतात. वर्षांचा काळ महिन्यांवर आला. सुपरवायझरना शिकवलं गेलं की काम पावलांत मांडा, प्रत्येक पावलातली नाजूक जागा सांगा, करून दाखवा, करून घ्या, आणि कामगाराला आलं नाही तर दोष शिकवणाऱ्याचा धरा. सोळा हजारांहून अधिक कारखान्यांत सोळा लाखांहून अधिक लोकांना प्रमाणपत्रं मिळाली. युद्धानंतर हीच योजना जपानमध्ये गेली आणि तिथल्या कारखान्यांत मुरली.

आता यातला बारकावा. क्षमतेचा इतका आग्रह धरणाऱ्या या योजनेचे सुपरवायझरसाठीचे अभ्यासक्रम किती वेळाचे होते? दहा तासांचे. दोन-दोन तासांची पाच सत्रं, सगळीकडे सारखी. हजारो कारखान्यांत एकच गोष्ट पोचवायची तर नियोजनाला तासच लागला.

ब्रिटन: यादी जेव्हा मालकीण होते

आज भारतात आपण जी भाषा वापरतो (व्यावसायिक मानकं, पातळ्या, पूर्वकौशल्यांची मान्यता) ती बरीचशी ब्रिटनमधून आली आहे, म्हणून तिथे जरा जास्त थांबू.

१९८६ साली ब्रिटनमध्ये व्यावसायिक पात्रतांसाठी राष्ट्रीय परिषद स्थापन झाली आणि 'एनव्हीक्यू' पात्रता आल्या. कल्पना धाडसी होती. त्या त्या उद्योगाने आपल्या कामाची मानकं लिहायची. उमेदवार ती पूर्ण करतो का हे शक्यतो प्रत्यक्ष कामावर तपासायचं. तो कुठे शिकला, कसा शिकला, किती काळ शिकला, हे विचारायचंच नाही. या विचाराचे मुख्य शिल्पकार गिल्बर्ट जेसप. स्मिथ यांनी २१० वर्षांपूर्वी जे मागितलं होतं, ते जणू पूर्ण झालं. वीस वर्षं स्वयंपाकघरात राबलेल्या पण कागद नसलेल्या बाईला यात पहिल्यांदा दार उघडं झालं, हे विसरू नका. क्षमताधारित विचारामागची न्यायाची बाजू इथे आहे आणि ती खरी आहे.

अडचण आली ती मोजताना. 'ग्राहकाशी योग्य संवाद साधतो' असं मानक लिहिलं की दोन परीक्षक दोन अर्थ काढणार. मग 'योग्य' म्हणजे काय याच्या कसोट्या लिहा. त्या कोणत्या परिस्थितीत लागू, तेही लिहा. पुरावे कोणते चालतील, त्याचीही यादी करा. अॅलिसन वुल्फ यांनी १९९५ साली हा मुद्दा नेमका मांडला: मानक जितकं स्पष्ट करायला जावं तितकी आणखी स्पष्टीकरणाची गरज निर्माण होते, आणि ही गोष्ट कधी संपत नाही. प्रशिक्षणार्थ्यांचा वेळ फाइलमध्ये पुरावे लावण्यात जाऊ लागला. त्याआधी १९९१ मध्ये एस. जे. प्राइस यांनी बाहेरून घेतलेल्या लेखी परीक्षेच्या अभावावर बोट ठेवलं होतं. १९९३ मध्ये अॅलन स्मिदर्स यांनी या व्यवस्थेत कामामागचं ज्ञान मागे पडतंय अशी कठोर टीका केली. १९९६ च्या ब्यूमाँट अहवालाने मानकांची भाषा सामान्य माणसाला कळत नाही हेही नोंदवलं.

आणि मग वेळ परत आला. उमेदवारीच्या नावाखाली काही महिन्यांतच उरकणारी प्रशिक्षणं सुरू झाली, तेव्हा २०१२ पासून सरकारने इंग्लंडमधल्या उमेदवारीला किमान बारा महिन्यांची अट घालायला सुरुवात केली. १८१४ ला हाकललेला नियम लहान होऊन परतला!

जर्मनीने हा झोका घेतलाच नाही. तिथे १९६९ च्या कायद्याने चालणाऱ्या दुहेरी व्यवस्थेत मुलगा आठवड्यातले बहुतेक दिवस कंपनीत आणि एक-दोन दिवस व्यावसायिक शाळेत असतो. काळ साधारण दोन ते साडेतीन वर्षं. शेवटी परीक्षा, आणि ती उद्योग किंवा कारागीर मंडळाच्या समितीपुढे. वेळ, वर्ग, काम आणि जॉब, चारही एकत्र. 'क्षमताधारित विरुद्ध पारंपरिक' या चौकटीत जर्मनीला कुठे टाकाल? याचं उत्तर देता येत नसेल तर चौकटीतच काहीतरी खोट आहे.

आपल्याकडे: तीन तास वीस मिनिटांपासून क्रेडिटपर्यंत

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. झाकीर हुसेन समितीने ती अभ्यासक्रमात उतरवली. या योजनेवर भाषणं खूप होतात. तुम्ही मात्र तिचं वेळापत्रक बघा. रोजच्या साडेपाच तासांपैकी मूलोद्योगाला ३ तास २० मिनिटं, मातृभाषेला ४० मिनिटं, समाजशास्त्र आणि विज्ञान मिळून ३० मिनिटं. सूतकताईचा अभ्यासक्रम तर वाचण्यासारखा आहे: कोणत्या टप्प्यावर किती वेळात किती आणि कोणत्या नंबरचं सूत निघालं पाहिजे, हे ठरवलेलं. 'क्षमता' हा शब्द न वापरता लिहिलेलं ते क्षमतेचं मानकच आहे. सुताच्या विक्रीतून शिक्षकाचा पगार निघावा हा त्यामागचा हिशेब होता, आणि विरोधही मुख्यतः त्यावरच झाला. एकक ठरलं की पैसा मागोमाग येतो, किंवा पैसा आधी येतो आणि एकक मागोमाग.

स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आली, त्यातून आयटीआय वाढल्या. १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारी कायदा झाला. २००७ मध्ये रोजगारक्षम कौशल्यांचे छोटे छोटे भाग करणारी मॉड्युलर योजना आली. २७ डिसेंबर २०१३ रोजी राष्ट्रीय कौशल्य पात्रता चौकट अधिसूचित झाली: दहा पातळ्या, आणि प्रत्येक पातळीवर काय आलं पाहिजे याचं वर्णन. २०१५ च्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आधीपासून अवगत कौशल्याला प्रमाणपत्र देण्याचीही सोय झाली. भाषा पूर्णपणे क्षमतेची.

आता त्याच २०१५ सालचे खर्चाचे समान निकष उघडा. प्रशिक्षण संस्थेला पैसे कोणत्या दराने? पहिल्या गटातल्या ट्रेडना प्रति प्रशिक्षणार्थी प्रति तास ३८.५० रुपये, दुसऱ्याला ३३, तिसऱ्याला २७.५०. हप्ते मात्र बॅच सुरू झाल्यावर ३० टक्के, प्रमाणपत्रानंतर ५० टक्के आणि रोजगार वगैरे निष्पत्तीवर २० टक्के. म्हणजे दर तासाचा, हप्ता निकालाचा. संस्थाचालकाच्या जागी उभं राहून विचार करा. एखादी हुशार मुलगी ठरलेल्या वेळेच्या निम्म्यात तयार झाली तर तिला लवकर सोडण्यात संस्थेचा फायदा काय? आणि एखाद्याला दुप्पट वेळ लागला तर जास्तीच्या तासांचे पैसे कोण देणार? 'वेळ लवचीक' हे क्षमताधारित प्रशिक्षणाचं पहिलं तत्त्व दरपत्रकाच्या ओळीत अडकलं.

२०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट चौकटीने शाळा, कॉलेज आणि कौशल्य यांना एकाच हिशेबात आणलं. वर्षाचे १२०० तास, ४० क्रेडिट. म्हणजे ३० तासांना एक क्रेडिट. वेल्डिंग शिकणाऱ्याचं शिक्षण कॉलेजच्या शिक्षणाशी जोडलं जावं, हा हेतू चांगलाच आहे. पण दोघांना जोडणारं नाणं कोणतं निघालं? तासच. वैद्यकीय शिक्षणात २०१९ पासून एमबीबीएसला क्षमताधारित अभ्यासक्रम आला, तिथेही क्षमतांच्या याद्यांशेजारी विषयवार तासांचे तक्ते आहेत.

तास परत का येतो?

तीन कारणं दिसतात. पहिलं, पैसा, पगार, इमारत, निदेशकाची नेमणूक, या सगळ्यांचा हिशेब आधी करावा लागतो, आणि आधी माहीत असतो तो फक्त वेळ. दुसरं, परीक्षकावर विश्वास कमी असला की वेळ हा स्वस्तातला जामीन ठरतो. 'निदान वर्षभर तरी शिकलाय' हे मालकाला समजतं. पातळी चारचं प्रमाणपत्र त्याला समजेलच असं नाही. तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं: काही शिकणं यादीत मावत नाही. लेथचा आवाज बदलला की हत्याराची धार गेली हे ओळखणं, बिघाड नवीन असेल तर कुठून सुरुवात करायची हे सुचणं, याला मुरायला वेळ लागतो. जुन्या सात वर्षांत बरीच पिळवणूक होती, पण थोडं हेही होतं.

म्हणून तास वाईट आणि यादी चांगली, असं हा इतिहास सांगत नाही. उलटंही सांगत नाही. दोन्ही मापं अपुरी आहेत आणि प्रत्येक मापाच्या मागे कोणाचा तरी हिशेब आहे. चुकीचा हिशेब झाला तर भुर्दंड प्रशिक्षणार्थीला बसतो: हातात प्रमाणपत्र असतं, पण दारात उभं करायला कोणी तयार नसतं.

तुमच्या प्रस्तावासाठी

हा विषय घेणार असाल तर आराखडा लिहिण्याआधी या प्रश्नांची उत्तरं कागदावर उतरवा.

१. 'पारंपरिक' म्हणजे तुमच्या क्षेत्रात नक्की काय? आयटीआयच्या ट्रेडमध्ये प्रात्यक्षिकाचा वाटा मोठा असतो. तिला 'वर्गाध्यापन' म्हणून नियंत्रित गट करणं चुकीचं ठरेल.

२. दोन्ही गटांत पक्कं काय आणि बदलतं काय? प्रायोगिक गटाला जास्त वेळ, चांगली हत्यारं किंवा लहान बॅच मिळाली असेल, तर तुम्ही पद्धत मोजत नाही, साधनं मोजताय.

३. उत्तरचाचणी कोणाच्या बाजूची आहे? प्रात्यक्षिक चाचणी घेतली की एक गट जिंकणार, लेखी घेतली की दुसरा. दोन्ही घ्या. शिवाय दोघांनीही न केलेला एक नवा जॉब द्या, आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासा.

४. 'सक्षम' असा शिक्का कोण मारतो आणि त्याला त्यातून काय मिळतं? मूल्यमापन करणारा आणि पैसे मिळणारा एकच असेल तर आकडे तसेच वाचू नका.

५. योजनेचे दस्तऐवज वाचताना उद्दिष्टांचं पान नंतर वाचा. आधी वेळापत्रक आणि दरपत्रक वाचा. उद्दिष्टांत योजना काय म्हणते ते असतं. दरपत्रकात ती काय मोजते ते.

आणि हा विषय दुसऱ्या कोणाचा आहे असं समजू नका. तुम्ही जी पदवी घ्यायला निघालात तिचे नियम उघडा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला किमान तीन वर्षं, कोर्सवर्कची किमान १२ क्रेडिट, आणि शेवटी प्रबंध व तोंडी परीक्षा. उमेदवारीचा काळ, तासांचा हिशेब आणि उस्तादांसमोर ठेवायचा जॉब, तिन्ही मापं एकाच नियमावलीत. प्रवेशाच्या मुलाखतीला जाण्याआधी ती नियमावली याच नजरेने एकदा वाचून जा. 'पारंपरिक म्हणजे काय हो?' या प्रश्नाला मग अडायला होणार नाही.